चीक कोणी प्यायला?

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझं पदवीचं सर्टिफिकेट पाहिलं नाही, नखं पाहिली. उजव्या अंगठ्याचं नख जरा वाढलेलं होतं. टेबलाच्या खणातून नेलकटर काढून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, आधी हे, मग हजेरीपटावर सही. मी पाच वर्षं घासून शिकलेली, नवी कोरी सुती साडी नेसून, आईनं हौसेनं माळलेला गजरा मिरवत तंजावूरच्या गुरांच्या दवाखान्यात रुजू व्हायला गेलेली, आणि शिपायाच्या डोळ्यांदेखत तिथं उभी राहून नख कापत होते. असा संताप आला होता की विचारू नका. घरी आल्या आल्या आईला सांगितलं, माझा साहेब सर्किट आहे.

साहेब सर्किट आहे हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं, मलाच उशिरा कळलं. सगळे त्यांना कन्नुकुट्टी डॉक्टर म्हणत. कन्नुकुट्टी म्हणजे वासरू. मोठ्या गाईम्हशी ते बघत नसत असं नाही, पण बघताना त्यांचं अर्धं लक्ष गोठ्याच्या कोपऱ्यात. कोणी गाय दाखवायला आणली की विचारायचे, हिचं वासरू कोठे आहे? तो म्हणायचा, घरी. मग हे म्हणायचे, तर मग तू अर्धीच गाय आणलीस. आणि खरोखर त्या बिचाऱ्याला परत पाठवायचे.

नखाचं कारण मला त्याच दुपारी कळलं. वासरू समोर आलं की ते आधी हात धुवून त्याच्या तोंडात अंगठा घालत. वासरू अंगठा कसा ओढतं, किती दम लावतं, जीभ गरम लागते की गार, एवढ्यावर त्यांचं अर्धं निदान व्हायचं. स्टेथोस्कोप नंतर. जन्मभर वासरांनी लुचून लुचून तो अंगठा पांढुरका आणि सुरकुतलेला झाला होता. महिनाभर मीही अंगठा घालत होते आणि मला ओलेपणाशिवाय काही कळत नव्हतं. ते म्हणाले, घाई नको, हजार वासरं होऊ देत. मला वाटलं गंमत करतायत. शेकडा संपून गेल्यावर कधीतरी अंगठ्याला खरंच कळायला लागलं, तेव्हा मी मुकाट झाले.

आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीतली मराठी माणसं. माझं मराठी सांगलीकडच्या सासूबाईंनी ठोकून सरळ केलेलं आहे, नाहीतर हे चार कागद लिहिणं मला कुठलं जमायला. डॉक्टरही आमच्यातलेच, पण त्यांचं मराठी अस्सल तंजावरी. 'झालं' नाही, 'जाहलं'. वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर चढलेलं. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. मला ते 'अम्मा' म्हणत. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही अम्मा म्हणतात, तेव्हा त्यात मोठा मान होता अशातला भाग नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असायच्या, पेन आणि वासरांना पाजायचं रबरी निपल. एकदा मोठ्या अधिकाऱ्यांच्या बैठकीत सही करायची वेळ आली आणि यांनी खिशातून काढलं ते निपल. टेबलावरच्या फायलींवर ते ठेवून दिलं आणि शांतपणे पेन शोधू लागले. मी शेजारी बसून जमिनीत गडप व्हायची वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र ओशाळेपणाचा मागमूस नव्हता.

त्या निपलामागे एक गोष्ट होती. लहान वासरं लांब नेणारे ड्रायव्हर सांगत, सार, बादली भरून पाणी ठेवलं होतं, प्यायलीच नाहीत. त्यात खोटं काही नसायचं. दुधावरच्या वासराला बादलीत तोंड घालून पाणी पिता येतच नाही. त्याला फक्त लुचता येतं, तेही मान वर करून. पाण्यानं भरलेल्या बादलीशेजारी ते तहानेनं बसतं आणि माणूस म्हणतो, ठेवलं होतं की. डॉक्टर हे सांगताना कधी आवाज चढवत नसत. फक्त ज्याला सांगायचे त्याच्या हातात ते निपल देत, आणि तो ते हातात धरून उभा राहायचा.

आमच्या दवाखान्यात दाखले देण्याचं एक काम असे. गुरं ट्रकमध्ये घालून लांब न्यायची तर ती प्रवासाला धड आहेत असा डॉक्टरचा कागद लागतो. छापील फॉर्म असतो. किती नग, रंग कोणता, कुठून कुठे, खाली सही आणि शिक्का. इतर ठिकाणी पाच मिनिटांत उरकतं. यांना अख्खा दिवस लागे. 'नग' हा शब्द ते आधी खोडत, मग प्रत्येक वासरासाठी एक ओळ लिहीत, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. डावा कान फाटका, धीट. मागचे पाय पांढरे, अजून आईला शोधते. हे लाजाळू आहे, कडेला ठेवू नये. एकदा चेकपोस्टवरच्या पोलिसानं फोन करून विचारलं होतं की सार, लाजाळू हे कोणत्या कलमात बसतं? यांनी त्याला वीस मिनिटं समजावलं. पलीकडचा माणूस बहुधा सही करणाऱ्या सगळ्या डॉक्टरांना शिव्या घालत असणार.

आणि झोप. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावते. दाखला द्यायच्या आदल्या दिवशी ते रिकामा ट्रक मागवायचे. हौद्यात वैक्कोल, म्हणजे आमच्याकडचा भाताचा पेंढा, कोपरभर जाड पसरायला लावायचे. मग चप्पल काढून, चष्मा खिशात टाकून, तोंडावर छत्री उघडून हौद्यात आडवे व्हायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, तिरुवैयारुला जाऊन ये. जाऊन येऊन तासाभराचा रस्ता. तेवढ्यात त्यांना झोप लागली तर ड्रायव्हर पास. जागे राहिले तर दुसरा ड्रायव्हर आणा. एक जण तर इतका जपून आला की ट्रक दवाखान्याच्या फाटकात उभा राहिला तरी यांना जाग नाही, आणि साहेबाला उठवायचं कोणी हा प्रश्न पडला. ड्रायव्हर ऐटीत कॉफी पीत बसला आणि हौद्यातून घोरणं ऐकू येत राहिलं.

मी हसले. पुढच्या ट्रकला त्यांनी मला झोपायला लावलं. पहिल्याच ब्रेकला डोकं फळीवर आपटलं. नाकाशी धूर आणि पेंढ्याची धूळ. आडवं पडल्यावर फक्त आभाळ दिसतं, त्यामुळे वळण येतंय हे आधी कळत नाही, अंग आपोआप घसरतं. तिरुवैयारु यायच्या आत माझा घसा सुकला होता आणि पोटात ढवळत होतं. उतरल्यावर त्यांनी विचारलं, जेवण जाहलं होतं का? म्हटलं, हो. म्हणाले, यांची आई मागे राहते, आणि रस्ता दोन दिवसांचा असतो. त्यानंतर मी घरी त्यांना सर्किट म्हणाले नाही. आई म्हणाली तरी मला राग यायला लागला.

फक्त एक गोष्ट त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती, ती म्हणजे खरवस. एका लग्नात पंगतीत खरवसाची वडी वाढली गेली तेव्हा हे केळीच्या पानावरून उठले, हात धुतले आणि चालू लागले. नवरीचा बाप मागे धावला. त्याला वाटलं काही मानापमान झाला. यांचा अपमान कोणी करू शकत नसे. त्यांना त्या वडीत वासरू दिसायचं.

कारण असं की वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी झुंजायला त्याच्या अंगात काहीच नसतं. ते बळ त्याला मिळतं आईच्या पहिल्या चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत. ती वेळ गेली की मग घागरभर दूध पाजा, उपयोग नाही. आणि फसवणूक अशी की चीक न मिळालेलं वासरूही महिनाभर चांगलं बागडतं. डोळे चमकतात, अंगठाही जोरात ओढतं. घरच्या गोठ्यात राहिलं तर जगूनही जातं. पण त्याला ट्रकात घाला, दोन दिवस हेलकावे खाऊ द्या, दुसऱ्या दिवशी ते बसतं आणि बसलं की उठत नाही. रक्त तपासून चीक मिळाला की नाही ते कळतं, पण पहिल्या आठवड्यातच. पुढे माणसांना विचारण्यावाचून इलाज नसतो. म्हणून दाखला देताना डॉक्टर मालकाला हमखास विचारत, चीक कोणी प्यायला?

आता मावशी. माझी सख्खी मावशी पापनाशमला असते. तिचा मोठा गोठा होता. गुडघे गेले, मुलगा चेन्नईत, तेव्हा तिनं गोठा मोडायचं ठरवलं. गाई जवळपासच्या गावांतच खपल्या, पण गिऱ्हाइकांना वासरं नको होती. अकरा वासरं दावणगेरेपलीकडच्या एका फार्मनं घेतली. तिथे ती वाढवणार होते, मारणार नव्हते, याची खात्री डॉक्टरांनी स्वतः फोन करकरून करून घेतली होती. रस्ता दोन दिवसांचा. गाई न्यायला येणाऱ्यांना त्यांनी थोपवून धरलं आणि दहा दिवस रोज सकाळी पापनाशमला जाऊन त्या अकरा वासरांना निपल शिकवलं. एका निळ्या पिंपाला खाली नळ्या लावून त्यांना निपलं बसवली होती. आत गूळ आणि मीठ घातलेलं कोमट पाणी. पहिले दोन दिवस वासरं पिंपाला नुसत्या ढुशा देत होती. आठव्या दिवशी पिंप दिसलं की ओरडायला लागली. मी हे उभी राहून पाहत असे. सरकारनं त्यांना हे करायला सांगितलेलं नव्हतं, आणि करू नका म्हणून वरून एक फोनही येऊन गेला होता.

माझ्या मावशीचा हात सढळ. रात्री गाय व्याली तर वासरू आपलं आपण लुचून मोकळं व्हायचं, पण दिवसा व्याली की पहिली धार काढून तिचा खरवस व्हायचा, तो देवापुढे ठेवायचा, मग शेजारच्या घरांना जायचा, मग नातेवाइकांना. वासराला सोडायचं ते त्यानंतर. तिच्या सासूनं असंच केलं, सासूच्या सासूनंही. गूळ, वेलदोडा, केळीच्या पानात गुंडाळलेला. बसनं डबा तंजावूरला आमच्याकडे यायचा आणि मी तो मिटक्या मारत खायचे. डॉक्टरांकडे नोकरी करून खायचे, घरी दार लावून. त्या महिन्या-दीड महिन्यात डबा चारदा आला होता. चारी वेळा मावशीनं घरच्या ग्रुपवर फोटोही टाकला होता.

दाखल्याच्या दिवशी ट्रक दारात उभा. पेंढा पसरलेला, ड्रायव्हर आदल्या दिवशी पास झालेला. गोठ्यात आम्ही सगळे, मावशी, शेजारच्या दोघी, गडीमाणसं. डॉक्टरांनी अकराही वासरं तपासली आणि मग मावशीला तो प्रश्न विचारला. मावशी हातात कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, पाजला की, सगळ्यांना पाजला. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी नंतर पाजला तोही चीकच. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"अम्मा, तुमच्या घरी खरवस कितीदा आला?"

असा प्रश्न आजवर कोणी कोणाला विचारला नसेल. डबा तंजावूरला पोचला म्हणजे मावशीच्या गल्लीतली घरं आधी झाली, आणि गल्लीतली घरं झाली म्हणजे वासराला वेळेवर काही उरलं नाही, एवढा हिशेब त्यात होता. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. शेजारणींनी पाहिलं. लहानपणी सुट्टीत जिच्या कुशीत झोपले तिला चारचौघांत खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. अगदीच नाही म्हणायचं धाडसही नव्हतं. फोन माझ्या हातातच होता.

"दोनदा," मी म्हणाले, आणि पहिल्या दोन डब्यांच्या तारखा सांगितल्या.

त्यांनी आपल्या जन्मतारखांच्या वहीत त्या तारखांची वासरं शोधली आणि दोन बाजूला काढली. ती मावशीकडेच राहिली, एका गाईसकट. उरलेली नऊ फळीवरून एकेक करून हौद्यात चढली. फॉर्मवर तपासणी केल्याची सही मी केली आणि वर त्यांनी. मी स्वतःची समजूत घातली की ती दुसरी दोन चांगली धडधाकट आहेत. त्यांतलं एकच मला ओळखू येत होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, ते सकाळपासून माझी ओढणी चावत होतं. असं वासरू कशाला पडेल.

डॉक्टर स्वतः हौद्यात बसून आले. मी ड्रायव्हरशेजारी. दर तीन तासांना झाडाची सावली बघून गाडी थांबायची, पिंप खाली यायचं, नऊ तोंडं निपलांना भिडायची. ठरावीक जागी थांबायचं म्हणून त्यांनी आधीच फोन करून ठेवले होते. कृष्णगिरीला एका ओळखीच्या दवाखान्याच्या आवारात वासरं रात्रभर उतरवली. सकाळी सगळी उभी होती. मी मनात म्हटलं, सुटले.

शिरा गाव सोडल्यावर केबिनच्या मागच्या फळीवर छत्रीचे तीन ठोके पडले. हा त्यांचा थांबायचा इशारा होता. मी उतरून मागे गेले. ठिपकेवालं बसलं होतं. मागून पातळ हगवण, डोळे आत गेलेले. डॉक्टरांचा अंगठा त्याच्या तोंडात होता. त्यांनी माझा हात धरून माझा अंगठा तिथे ठेवला. ओढ नव्हती. तोंड आतून गार होतं.

हजार वासरांपैकी ते कितवं होतं कोण जाणे, पण मला सगळं कळलं.

"सर," मी म्हणाले, "चारदा."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली. एवढं दहा दिवस राबलेला माणूस. मला तिथेच रस्त्यावर उतरवून दिलं असतं तरी मी चालत परत आले असते. ते म्हणाले,

"दुसरं कोणतं?"

बस. एवढंच. माझ्या कबुलीचा त्यांनी एकच उपयोग केला. मी फोन उघडला, मावशीचा फोटो शोधला, तारीख सांगितली. वहीत ती तारीख एका तपकिरी वासराची निघाली. ते छान उभं होतं, पेंढ्याची काडी चघळत. कोणीही त्याला निरोगी म्हटलं असतं. डॉक्टरांनी दोन्ही वासरं खाली घेतली, रस्त्याकडेच्या चिंचेच्या फांदीला सलाइनच्या बाटल्या टांगल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी याच्याजवळ बसतो, हे वाचेल. तू त्या ठिपकेवालीचं डोकं मांडीवर घे. तिला एकटं सोडू नको."

मी बसले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, कोणी काच खाली करून बघत होतं. दुपारी अडीचच्या सुमाराला माझ्या मांडीवरचं डोकं जड झालं. मी ढसाढसा रडले, लाजबीज सोडून. पलीकडे त्यांनी तपकिरी वासराच्या पाठीवर ओलं गोणपाट टाकलं होतं आणि स्वतः उन्हात बसून त्याच्यावर छत्री धरली होती. मी त्या माणसाकडे बघत होते. असं माणूस असू शकतं हे मी डोळ्यांनी बघत होते आणि मला ते खरं वाटत नव्हतं. साडेचारला त्या वासरानं निपल धरलं.

रात्र पडल्यावर फार्म आला. आठ वासरं फळीवरून आपल्या पायांनी उतरली, तपकिरी सगळ्यात शेवटी. नववं आम्ही गोणपाटात आणलं होतं. तिथला मॅनेजर भला माणूस होता. त्यानं मोडक्या तमिळमध्ये डॉक्टरांचं कौतुक केलं. म्हणाला, एवढ्या लांबून येणाऱ्या गाडीत एक म्हणजे काहीच नाही सार, आमच्याकडे कशाकशा गाड्या येतात तुम्हाला सांगू नये.

पोचपावतीच्या फॉर्मवर मेलेल्या जनावरापुढे कारणाचा रकाना होता. डॉक्टरांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं की या वासराला वेळेवर चीक मिळालेला नव्हता, हे मला ठाऊक होतं आणि मी ते लपवलं. खाली सही केली. ही नोकरी गेली असं धरूनच चालले होते.

त्यांनी ते वाचलं. मग पेन घेऊन माझ्या सहीच्या खाली त्या मुंगीच्या अक्षरात बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि सही केली. मी वाचलं. लिहिलं होतं, या मुलीला मी प्रश्न तिच्या मावशीच्या समोर विचारला. जागा चुकीची निवडली. दोष विचारणाऱ्याचा आहे.

म्हटलं, "सर, खोटं मी बोलले."

"खरं बोलता येणार नाही अशा जागी मी तुला उभं केलं, अम्मा," ते म्हणाले. "वासराला मी तसं कधी उभं केलं असतं का?"

मॅनेजरनं कॉफी पुढे केली, ती आम्ही दोघांनी प्यायली.

मावशीला परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. देवघरासमोर जाऊन बसली, आणि मला विचारलं, ते ठिपकेवालं का गं? मागे राहिलेली दोन्ही वासरं तिनं पुढे विकली नाहीत, गुडघे दुखत असताना वाढवली. माझ्यावर कारवाई झाली नाही. डॉक्टरांना मात्र त्या फॉर्मवरून वरच्या ऑफिसात जाऊन यावं लागलं. काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

ते निवृत्त व्हायला तेव्हा तीन वर्षं उरली होती. त्या तीन वर्षांत त्यांनी गोठ्यात उभं राहून कोणाला काही विचारलं नाही. वासरं तपासून झाली की ते घरातल्या एखाद्या माणसाला, कधी सुनेला, कधी गड्याला, एकट्याला बरोबर घेऊन रस्त्यानं चालू लागायचे. भर उन्हात, वावराच्या बांधावरून, पार दिसेनासे होईपर्यंत. मालक मागे ताटकळत, ट्रक खोळंबलेला. अर्ध्या तासानं परत यायचे आणि मगच पेन काढायचे. तालुकाभर हसं झालं की कन्नुकुट्टी डॉक्टरचं आता पुरतं फिरलंय, माणसांनाही फिरवून आणतो. दवाखान्यात सगळे हसायचे. मी टेबलावर मान घालून दाखल्याचे फॉर्म भरत बसायचे, कारण ते असं का करतात हे तिथं मला एकटीला माहीत होतं.